काऊन नाही घेतलं?

2009च्या जुलैत पुण्याहून नोकरीची मुलाखत देऊन रिकाम्या हातानं नांदुरा तालुक्यातल्या आमच्या गावी परतलो, तेव्हा बाबा डवरणी करत होते. डवरा थांबवून त्यांनी एवढंच विचारलं, "काऊन नाही घेतलं रे त्यायनं?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण कंपनीनं मलाच काही सांगितलं नव्हतं. बाबांना ते पटेना. कपाशीवर लाल्या आला, तर लाल पडलेलं पान खिशात घालून ते कृषी सेवा केंद्रात जायचे आणि मॅग्नेशियम कमी पडलं की नत्र, हे समजल्याशिवाय परतायचे नाहीत. ज्या पोराला चार वर्षं इंजिनिअरिंग शिकवलं, त्याला नाकारण्याचं कारण मात्र कुणालाच देता येत नव्हतं.

ते वर्ष मंदीचं होतं. 2008मध्ये अमेरिकेत बँका बुडाल्या आणि आमच्या कॉलेजात येणाऱ्या कंपन्या आल्याच नाहीत. मग महाराष्ट्र एक्सप्रेसनं पहाटे पुण्यात उतरायचं, स्टेशनवर तोंड धुवायचं, इस्त्रीचा शर्ट चढवायचा आणि बस धरून हिंजवडी गाठायची. सात मुलाखती झाल्या आणि सातही ठिकाणी "कळवतो" म्हणाले. कुणीच कळवलं नाही. आठव्या ठिकाणी मुलाखत घेणारे गृहस्थ मला लिफ्टपर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "तू प्रश्न पूर्ण ऐकत नाहीस. अर्धा प्रश्न झाला की पाठ केलेलं उत्तर सुरू करतोस." तिथंही माझी निवड झाली नाही. पण नवव्या मुलाखतीत मी प्रश्न शेवटपर्यंत ऐकला आणि मला नोकरी लागली.

आज मी पुण्यातल्या एका आयटी कन्सल्टन्सीत आहे आणि गेली काही वर्षं नव्या मुलांच्या मुलाखती घेतो. त्या अनुभवावरून माझं ठाम मत झालं आहे, की ज्याला नाकारलं त्याला कारण सांगितलंच पाहिजे. ते त्याच्या हक्काचं आहे.

गेल्या दिवाळीत खामगावच्या एका अभ्यासिकेत मी चार-पाच मुलांच्या सरावाच्या मुलाखती घेतल्या. त्यातला एक मोताळा तालुक्यातला होता. चार कंपन्यांनी तांत्रिक फेरीत नाकारल्यावर त्यानं स्वतःच निदान केलं होतं, "दादा, माझं इंग्रजी कच्चं आहे." त्यापायी त्यानं स्पोकन इंग्लिशच्या क्लासला अकरा हजार भरले होते.

मी त्याला नेहमीचा प्रश्न घातला : डेटाबेसच्या टेबलमधून दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढ. त्यानं क्वेरी झटकन लिहिली. पगार उतरत्या क्रमानं लाव, पहिली ओळ सोड, दुसरी घे. मी विचारलं, "सगळ्यात जास्त पगार दोघांचा सारखाच असला तर?" तो गप्प झाला. कपाळावर घाम आला.

त्याच्या वडिलांचं कृषी सेवा केंद्र आहे, हे मला माहीत होतं. म्हणून तोच प्रश्न फिरवून विचारला, "दुकानात सगळ्यात जास्त उधारी दोघांची आहे, दोघांचीही चाळीस हजार. मग दुसऱ्या नंबरची उधारी कोणती?"

तो लगेच म्हणाला, "ते दोघंही पयलेच ना दादा. त्यायच्या खालचा जो आकडा, तो दुसरा."

"मग तुझी क्वेरी काय देते?"

त्यानं कागद पुन्हा पाहिला. "पुन्हा चाळीस हजारच देते." पेन उचलून त्यानं क्वेरीत सारखे आकडे एकदाच धरणारा 'डिस्टिंक्ट' हा एक शब्द घातला आणि बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला.

त्याची अडचण इंग्रजीची नव्हती. उत्तर पाठ होतं, पण ते आकड्यांवर ताडून पाहायची सवय नव्हती. एखाद्या मुलाखतकारानं हे दोन वाक्यांत सांगितलं असतं, तर अकरा हजार आणि पुण्याच्या तीन फेऱ्या वाचल्या असत्या. 2024-25 साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात तेवढाही मिळत नव्हता. म्हणजे चुकीच्या निदानापायी त्या घराचे दोन क्विंटलांहून जास्त सोयाबीनच्या किमतीचे पैसे गेले. कारण न कळलेली मुलं अशीच अंधारात औषधं घेत सुटतात. कुणी नव्या कोर्सला पैसे भरतो, कुणी खोट्या अनुभवाचं प्रमाणपत्र विकत घेतो आणि कायमचा अडकतो.

कंपन्यांचं म्हणणं मला ठाऊक आहे. हजारो अर्ज येतात, प्रत्येकाला काय लिहिणार? पण प्रत्येक मुलाखतीनंतर आम्ही फॉर्म भरतोच. त्यात तांत्रिक ज्ञान, विचार करण्याची पद्धत, संवाद यांना गुण असतात आणि खाली शेरा असतो. म्हणजे कारण लिहून तयार असतं, फक्त ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच्यापर्यंत ते जात नाही. दुसरी भीती अशी, की मुलं वाद घालतील. काही घालतीलही. एमपीएससी तर उत्तरतालिका जाहीर करून स्वतःहून हरकती मागवते, आणि तिची परीक्षा काही बंद पडलेली नाही. परीक्षार्थीला तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा अधिकार आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 2011मध्ये दिला. तो माहिती अधिकार कायद्याखालचा असल्यानं खासगी कंपन्यांना लागू नाही, हे खरं. पण आयर्लंडच्या पीटर नोवाक या परीक्षार्थीच्या खटल्यात युरोपीय न्यायालयानं 2017 साली परीक्षकाचे शेरेसुद्धा उमेदवाराची वैयक्तिक माहिती ठरवले, म्हणजे ते पाहायला मागण्याचा हक्क त्याचा. आमच्या आयटी क्षेत्राचे कितीतरी ग्राहक त्याच युरोपात आहेत. तिथल्या उमेदवाराचा हा मान आपण ओळखतो, तर मोताळ्याच्या पोराचा का नाही?

मागणी साधी आहे. तांत्रिक फेरीपर्यंत पोचलेल्या प्रत्येकाला आठ दिवसांत दोन ओळी कळवा : काय चांगलं होतं, कुठं कमी पडलं. शेगाव, मलकापूर, चिखली, बुलडाणा इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्लेसमेंट विभागांनी एकत्र येऊन, कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांपुढे ही अट ठेवावी. एकेकट्या कॉलेजला हे जड जाईल, पण घाटावरची आणि घाटाखालची कॉलेजं मिळून बोलली तर ऐकावं लागेल.

मी माझ्यापुरतं सुरू केलं आहे. मुलाखत संपताना निकाल सांगण्याचा अधिकार मला नसतो. पण कोणता प्रश्न अडला आणि त्यासाठी काय वाचावं, एवढं सांगूनच मी मुलाला सोडतो. त्याला तीन मिनिटं पुरतात.

नवव्या मुलाखतीनंतर नोकरी लागल्याचं सांगायला मी गावी फोन केला, तेव्हाही बाबांनी आधी तेच विचारलं, "आता काऊन घेतलं त्यायनं?" त्या दिवशी मला उत्तर देता आलं.