जुनी गाडी घेताना



मेथीची जुडी घेतानाही आपण ती उलटीपालटी करून बघतो, मधली पानं पिवळी तर नाहीत ना याची खात्री करतो आणि मगच पिशवीत टाकतो. पण घरात जुनी मोटार घ्यायची ठरली, की 'हा पुरुषांचा विषय' म्हणून चहा टाकायला आत निघून जातो! तासाभरात बाहेरच्या खोलीत दोन-अडीच लाखांचा व्यवहार ठरतो आणि आपल्या हातात येतो पेढ्यांचा पुडा. त्या पैशांत आपली भिशी असते, मोडलेली ठेव असते, वर्षानुवर्षं केलेली काटकसर असते. तेव्हा या वेळी चहा जरा उशिरा झाला तरी चालेल. तुम्हीही बैठकीत बसा. यंत्रातलं सगळं कळलंच पाहिजे असं नाही. पारखून घेण्याची नजर आपल्याकडे असतेच. ती कुठे लावायची, एवढंच आज सांगते.

गरज आधी, गाडी मग

गाडी कशासाठी हवी हे आधी घरात बसून ठरवा. चंदनसार, फुलपाडा, मनवेलपाडा या आपल्या भागातून रोज अंधेरी-चर्चगेटला जाणाऱ्यांची लोकल काही सुटणार नाही. हायवेवरची कोंडी आणि पेट्रोलचा खर्च बघता रोज गाडी नेणं साध्या पगारात बसत नाही. गाडी लागते ती सासूबाईंना दवाखान्यात न्यायला, अपरात्री मूल तापलं तर, भर पावसात रिक्षा मिळेनाशी झाली तर आणि गणपतीत गावी जायला. म्हणजे वर्षाकाठी पाच-सात हजार किलोमीटर झाले तरी पुष्कळ. एवढ्या वापराला पेट्रोलची छोटी गाडी उत्तम. जुनी डिझेल गाडी घेऊ नका. तिची दुरुस्ती महाग आणि एवढ्या थोड्या धावेत डिझेलची बचत वसूल होत नाही. सीएनजी स्वस्त पडतो हे खरं, पण पंपावरची रांग आणि टाकीने अडवलेली डिकी दोन्ही हिशेबात धरा. सीएनजी किटची नोंद आरसीवर आणि विम्यात असायलाच हवी. टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. तिचं प्रमाणपत्र मागा.

हाताशी अडीच लाख असतील तर गाडी दोन लाखांचीच बघा. उरलेले पन्नास हजार खर्च होणारच आहेत. चार टायर बदलायचे तर पंधरा-सोळा हजार जातात, बॅटरीला चार-पाच हजार, शिवाय विमा, नावावर करण्याची फी आणि पहिली सर्व्हिसिंग. साडी घेताना फॉल-पिकोचे पैसे आपण धरतो ना, तसंच हे.

भाव ठरवताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या नव्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली, तर जुनीचा भावही उतरायला हवा. विकणारा त्याआधीचा भाव सांगत असेल, तर त्याच मॉडेलच्या नव्या गाडीची आजची किंमत विचारून जा आणि मग बोला.

कोणती घ्यावी?

डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मध्यमवर्गाच्या दारात मोटार दिसू लागली. तिच्यावर आपला जीव आहे, कबूल! पण तिचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, म्हणजे सगळ्यात तरुण आठशेसुद्धा आता बारा वर्षांच्या घरात गेली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, वर पर्यावरण कर भरावा लागतो. म्हणून हौसेपोटी बारा-तेरा वर्षांची गाडी घेऊ नका. पाच ते आठ वर्षांची बघा.

घरात गुडघेदुखीचं माणूस असेल तर वॅगनआर सोयीची. ती उंच असल्याने चढता-उतरताना वाकावं लागत नाही. दोघं नवराबायको आणि एक मूल, एवढाच संसार असेल तर अल्टो पुरते. गल्लीत वळते, सोसायटीतल्या अरुंद जागेत मावते. खड्ड्यांच्या रस्त्याला क्विड बरी, तिचं पोट जमिनीपासून उंच आहे. ग्रँड आय-टेन आणि टियागो थोड्या महाग, पण आत ऐसपैस. क्लचचा त्रास नको असेल तर सेलेरिओ २०१४ पासून आपोआप गिअर बदलणारी मिळते.

फारच स्वस्तात मिळणाऱ्या गाडीपुढे जरा थबका. शेवरोलेची भारतातली विक्री २०१७ अखेर बंद झाली, फोर्डने इथलं उत्पादन थांबवायचं २०२१ मध्ये जाहीर केलं आणि डॅटसन २०२२ मध्ये बंद झाली. गाड्या वाईट होत्या असं नाही, पण एखादा सुटा भाग हवा झाला की शोधाशोध आली. ज्या गाडीचे भाग विरारच्या दुकानात मिळतात आणि जी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला उघडता येते, तीच आपली.

सुरक्षिततेकडेही बघा. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच छोट्या गाड्या आदळून पाहिल्या आणि पाचांनाही मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे दिले. त्यानंतर नियम कडक होत गेले. एप्रिल २०१९ पासून एबीएस ब्रेक आणि जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. म्हणून दोन गाड्यांत निवड करायची वेळ आली, तर जुलै २०१९ नंतर बनलेली गाडी घ्या. रंग मनासारखा नसला तरी चालेल.

पुरात बुडालेली ओळखा

आपल्या भागात ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची. जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा, विरार कसं पाण्याखाली गेलं होतं ते आठवतं ना? लोकल बंद, वीज बंद, आणि रस्त्यांवर उभ्या असलेल्या गाड्यांत पाणी. अशा गाड्या धुऊन-पुसून, सीटला नवी कव्हरं घालून विकायला येतात. मग आज दिवे बंद, उद्या स्टार्टर बंद असं सुरू होतं आणि दुखणं काही बरं होत नाही.

कसं ओळखायचं? काचा बंद ठेवलेल्या गाडीचं दार उघडल्याबरोबर वास घ्या. पावसाळ्यात कपाट उघडल्यावर येतो तसा कुबट वास आला तर सावध व्हा. अत्तराचा किंवा फ्रेशनरचा घमघमाट असेल तर जास्तच सावध व्हा! सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या टोकाला मातीची रेघ दिसते का? सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांना गंज आहे का? डिकीतली स्टेपनी उचला आणि खालच्या खोबणीत चिखल किंवा गंज आहे का ते पाहा. पायाखालचा गालिचा उचलून हात फिरवा. या सगळ्याला पाच मिनिटं पुरतात आणि मेकॅनिकही लागत नाही.

धाव किती झाली हे मीटरवर विसंबून ठरवू नका. मीटर मागे फिरवणारे कमी नाहीत. गाडी कंपनीच्या केंद्रात सर्व्हिस होत असेल तर प्रत्येक वेळचे किलोमीटर तिथे नोंदलेले असतात. मालकाकडून ती नोंद मागा. क्लच-ब्रेकची रबरं झिजून गुळगुळीत झालीत आणि मीटर मात्र तीस हजार दाखवतंय, तर समजून जा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पाच-सहा वर्षांपेक्षा जुना असेल तर नक्षी शाबूत दिसली तरी बदलायचाच आहे असं धरून भाव करा.

गाडी बघायला सकाळी जा आणि आधीच निरोप द्या, 'आम्ही येईपर्यंत चालू करू नका.' थंड इंजिन काही लपवत नाही. चालू झाल्यावर निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळतंय. ऑइलचं झाकण उघडल्यावर आतून ताकासारखा पांढरट फेस दिसला, तर पाणी आत शिरत असण्याची शक्यता असते. मेकॅनिकने नीट बघितल्याशिवाय पुढे बोलू नका. मग एसी लावून गाडी उड्डाणपुलावर चढवा. चढावर धाप लागते का, ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढते का, खड्ड्यात खडखडते का, हे बघा. मेकॅनिक आपला न्या, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. त्याला पाचशे-हजार रुपये द्यावे लागले तरी ते वाया जात नाहीत.

आणि हो, चालकाच्या जागेवर तुम्ही स्वतः बसा. पाय क्लचपर्यंत नीट पोचतो का, पुढचं बोनेट दिसतं का, मागचं दिसतं का? गाडी घरातल्या सगळ्यांची, तर ती तुमच्याही अंगाला बसायला हवी.

कागद म्हणजेच गाडी

आता मुख्य मुद्दा. पैसे दिले, किल्ली मिळाली, म्हणजे गाडी आपली झाली असं नाही. आरसीवर आपलं नाव लागलं की आपली झाली.

माझ्या शिकवणीला येणाऱ्या एका मुलीच्या घरी गाडी आली आणि 'नाव लागेल महिन्याभरात' या व्यापाऱ्याच्या शब्दावर त्यांनी पूर्ण रक्कम दिली. पुढे कळलं, आरसीवर आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा तसाच होता. दहा महिने गाडी नावावर झाली नाही. वापरायची भीती आणि विकायची सोय नाही!

असं होऊ नये म्हणून पैसे देण्यापूर्वी एवढं करा. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर घालून मॉडेल, नोंदणीची तारीख, विमा आणि बोजा पाहा. दंडाच्या ई-चलनांची थकबाकी पाहा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घ्या. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर-अक्षर जुळवा. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा, असा कायदा आहे. आरटीओचं ऑफिस तर आपल्या चंदनसारलाच आहे, तेव्हा कंटाळा करायचं कारण नाही. गुजरात किंवा दमणच्या नंबरची गाडी स्वस्त मिळते म्हणून भुलू नका. तिला तिकडची एनओसी, इथला नवा नंबर आणि इथला रोड टॅक्स लागतो. तो धरून मग तुलना करा. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का तेही पाहा. व्यापाऱ्याकडून घेत असाल तर त्याचं आरटीओचं अधिकारपत्र मागा. १ एप्रिल २०२३ पासून तो नियम आहे. रक्कम बँकेतून द्या आणि थोडी रक्कम नाव लागेपर्यंत हातात ठेवा. तसं कागदावर लिहून घ्या.

नावाला एवढं महत्त्व का? २००७ साली एकाने आपली गाडी विकली. ती पुढे दोन-तीन हातांतून गेली आणि २००९ साली तिने अपघात केला. आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच. 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की नोंद ज्याच्या नावावर, तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे विकणाऱ्यालाही नाव बदलण्याची तितकीच घाई हवी. तो चालढकल करू लागला तर त्याला हे सांगा.

आपल्या बाजूने विम्याचं बघा. गाडी विकली की दुसऱ्याच्या नुकसानीचं संरक्षण कायद्यानेच नव्या मालकाकडे येतं. पण आपल्या गाडीच्या नुकसानीचे पैसे हवे असतील तर चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, आपल्याला मिळत नाही.

आणि ही गोष्ट तर बहुतेकींना कुणी सांगतच नाही. विम्यात मालक-चालकाचं पंधरा लाखांचं अपघाती संरक्षण असतं, ते आरसीवर नाव असलेल्या आणि लायसन्स असलेल्या मालकालाच. गाडी यजमानांच्या नावावर आणि मुलांना शाळेत सोडायला ती रोज चालवता तुम्ही, तर ते संरक्षण तुम्हाला लागू नाही. म्हणून जी व्यक्ती जास्त चालवणार तिच्या नावावर गाडी घ्या. तसं जमत नसेल तर थोडे पैसे भरून तुमच्यासाठी वेगळं अपघाती संरक्षण जोडून घ्या. हे घरात मोकळेपणाने बोला. यात मान-अपमानाचा प्रश्न नाही.

शेवटी एकच. गाडी आवडली तरी त्याच दिवशी टोकन देऊ नका. 'दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय' असं प्रत्येक विकणारा म्हणतो. येईना का! जुन्या गाड्यांचा बाजार काही संपत नाही. ही गेली तर दुसरी मिळेल. घरी या, कागद पुन्हा वाचा, मेकॅनिकने काय सांगितलं ते लिहून काढा आणि मग शांतपणे हो किंवा नाही म्हणा. नावावर झालेली, कोरडी आणि सुस्थितीतली गाडी दारात उभी राहिली, की पेढे मात्र तुम्ही वाटा.