पेर्ते व्हा !

पहाटे साडेचारचा सुमार. रिठदला अजून कुणाच्या घरातून धूर निघालेला नसतो आणि नाल्याकाठच्या कडुनिंबातून तो आवाज सुरू होतो. अंगणातल्या बाजेवरून आबा म्हणतात, "आयकलं का? पावशा हाये." मोतीबिंदूमुळे आबांना समोरचा माणूस नीट ओळखू येत नाही, पण न दिसणारे पाखरू ते पडल्या पडल्या ओळखतात. आणि मी, बी. ए. भाग दोनचा विद्यार्थी, त्यांना ठासून सांगितले होते, "आबा, ती कोकिळा आहे."

मी दोनदा चुकलो होतो. एक तर तो कोकीळ नव्हता. दुसरे म्हणजे, 'कुहू' करते ती कोकिळा नव्हेच. गातो तो काळा नर. ठिपकेदार तपकिरी मादीच्या वाट्याला नुसते किक्-किक् ओरडणे आले आहे. कवींनी हवे तर रागवावे.

फसायला कारण मात्र होते. दोघांचाही सूर चढत जातो. फरक मोजण्यात आहे. कोकिळाच्या हाकेचे तुकडे दोन, पावशाच्या हाकेचे तीन : पे-र्ते-व्हा. दर वेळी पट्टी वर, आणखी वर. आता याचा गळा फाटणार असे वाटते तोच तो एकदम गप्प होतो आणि पुन्हा खालून सुरुवात करतो. चांदण्या रात्रीही त्याला चैन नसते. इंग्रजांनी त्याला मेंदूज्वराचा पक्षी म्हटले. हिंदी मुलखात तो 'पी कहाँ' म्हणून प्रियकराला शोधतो. सूर तेच तीन. एकाचे डोके उठले, एकीला विरह ऐकू आला, आणि आमच्या शेतकऱ्याला पेरणी! ज्याला ज्याची काळजी, त्याला ते ऐकू येते.

इथेच माझा मतभेद सुरू होतो. आवाजावरून पक्षी ओळखणे हे अस्सल ज्ञान आहे. पावशा दिसतो शिकऱ्यासारखा, झाडीत दडतो, अंडी सातभाईंच्या घरट्यात घालून मोकळा होतो. त्याला कानानेच गाठावे लागते. परंतु पक्षी ओळखला म्हणजे पाऊसही ओळखला असे होत नाही. ती हाक नराची आहे, मादीसाठी आहे. माझ्या वहीत गेल्या वर्षीची पहिली नोंद मार्चअखेरची आहे. तेव्हा शेतात नुसती ढेकळे !

२०२३ च्या जूनमध्ये पावसाने ओढ दिली. आमच्या घरी मात्र पहिल्या शिडकाव्यावरच दोन एकर सोयाबीन पेरले गेले. "पाखरू बी म्हनते," असे कुणीतरी म्हणाले आणि घाईला निमित्त मिळाले. बी वाया गेले. दुबार पेरणीचे बियाणे उसने आणावे लागले. माझ्या वसतिगृहाचे पैसे त्यात गेले, म्हणून मी आज घरून ये-जा करतो. दोष पावशाचा नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असे कृषी खाते दरवर्षी सांगते. ते मात्र सुरात सांगत नाही.

पाखरावर विसंबायचेच तर चातक बरा. डोक्यावर तुरा असलेला, काळा-पांढरा. पावसाळी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेकडून येतो आणि 'पिऊ पिऊ' करतो. पुष्कळ लोक त्याला आणि पावशाला एकच समजतात.

मग जुनी माणसे खुळी होती काय? मला तसे वाटत नाही. 'पेर्ते व्हा' म्हणजे 'पेरा' नव्हे. पेरणारे व्हा, तयारीला लागा. वखरणी उरका, ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून सत्तर तरी उगवतात का ते पाहा. हा अर्थ धरला तर मार्चमधली हाकही वेळेवरचीच ठरते.

आता मोबाईलवर मर्लिन नावाचे साधन आले आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिसंशोधकांनी केलेले. आवाज ऐकवला की ते नाव सांगते. मी ऐकवले, नाव बरोबर आले, पण इंग्रजी. आबांना वाचून दाखवले तर म्हणाले, "येवढं लांब नाव घेईस्तोर पाखरू उडून जाईन !" माझी सूचना अशी की, आपल्या महाविद्यालयात खेड्यांतून येणाऱ्या प्रत्येकाने पावशाच्या पहिल्या हाकेची तारीख आणि पेरणीजोगत्या पावसाची तारीख शेजारी शेजारी लिहावी. मराठी विभागाने गावोगावची नावेही टिपून घ्यावीत. आबांच्या वयाची माणसे आहेत तोवरच हे होईल.

गेल्या जूनमध्ये पहाटे पुन्हा हाक आली. आबांनी विचारले, "मोजलं का?"

"तीन," मी म्हणालो.

गोठ्यातून वडील म्हणाले, "पानी किती झाला, थे सांग आधी."