टोपी 80 रुपयांना

गेल्या वर्षी पालकसभा संपल्यावर एक आई मागे थांबली. वडसाजवळच्या खेड्यातली. तिचा मुलगा आमच्याकडे उर्दू आणि मराठी दोन्ही शिकतो. पिशवीतून क्रोशाच्या सुती टोप्या काढून म्हणाली, "मॅडम, कुणाला लागत असतील तर सांगा. रमजान जवळ आलाय." काम इतके सफाईदार की आम्ही लगेच दोन घेतल्या. भाव 80 रुपये. दुकानदारही तेवढेच देतो म्हणे. सूत 30 रुपयांचे, आणि एका टोपीला दोन दिवस, रोज चार तास. आम्ही तिथेच फळ्यावर गणित मांडले. 50 भागिले 8, तासाला सव्वासहा रुपये. ती हसली. "विणायचे कसले पैसे, मॅडम? ते तर बसल्या बसल्या होते."

हे 'बसल्या बसल्या' आपल्या घराघरात आहे. कुणाची गोधडी, कुणाचे जरीकाम. अशा कामात उद्या 50,000 रुपये अनुदान ओतले तर काय होईल? सव्वासहा रुपये तासाच्या टोप्या जास्त निघतील, इतकेच. म्हणून पैशाआधी शिकवण हवी, असे आमचे मत आहे. (शिक्षक दुसरे काय म्हणणार!)

ही शिकवण जवळच मिळते. चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्हीकडे बँक ऑफ इंडियाची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. लोक तिला 'आरसेटी' म्हणतात. मूळ कल्पना कर्नाटकातल्या उजिरे गावी 1982 मध्ये सुरू झालेल्या संस्थेची. शिकणे, राहणे, जेवण मोफत, आणि नंतर दोन वर्षे पाठपुरावा. मुक्कामी राहायचे म्हटल्यावर नवरा गप्प झाला. सासूच म्हणाली, "जा, पोरं मी पाहते." ती शिवणकामाच्या वर्गाला गेली.

परत आली तेव्हा शिवणापेक्षा खेळांबद्दलच जास्त बोलली. खुंटीत रिंग टाकायची. किती दूर उभे राहायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. अगदी जवळून टाकली तर गुण कमी, फार दुरून टाकली तर नेम चुकतो. मग बाजाराची पाहणी. दुकानात जाऊन कोणता माल किती खपतो, उधारी किती दिवसांची, ते विचारून वहीत लिहायचे. "मी इतकी वर्षं टोप्या विकते, पण दुकानदाराला कधी काही विचारलंच नव्हतं," ती म्हणाली.

आता मुलांची साधी टोपी वेगळी, बारीक जाळीची वेगळी. जाळीच्या टोपीला तिने 140 मागितले. जुन्या दुकानदाराने नकार दिला, दुसऱ्याने घेतल्या. टोप्या पूर्वीपेक्षा कमी जातात, पैसे जास्त येतात. ईदनंतर बाजार थंडावतो तेव्हा शाळेचे गणवेश शिवते.

तिला पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतून मशीनही मिळाली. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या या योजनेत 18 कारागिरी आहेत. त्यात दर्जी आहे, टोपली-चटई-झाडू करणारे आहेत, पण क्रोशा विणणारी नाही. तिची नोंद दर्जी म्हणून झाली. प्रशिक्षणात रोज 500 रुपये भत्ता, अवजारांसाठी 15,000 रुपयांचे व्हाउचर. एका घरातून एकालाच लाभ, आणि सरकारी नोकराच्या घराला नाही.

या योजनेत पाच टक्के व्याजाचे कर्जही आहे. व्याजाचे नाव निघाले की आपल्याकडे अनेक घरे अख्ख्या योजनेकडेच पाठ फिरवतात. ज्याचा त्याचा दीनी विवेक. आम्ही मुफ्ती नाही. पण प्रशिक्षण आणि व्हाउचर यासाठी कर्ज घ्यावेच लागत नाही, हे माहीत नसल्याने जे हातचे जाते त्याची खंत वाटते. पीएमईजीपीचे तसे नाही, तिथे अनुदान बँकेच्या कर्जाशीच बांधलेले. अल्पसंख्याक आणि महिला विशेष गटात मोडतात, म्हणून खेड्यात 35 टक्के, शहरात 25. खेड्यात दोन लाखांच्या नव्या उद्योगाला स्वतःचे 10,000, अनुदान 70,000. मात्र ते तीन वर्षे बँकेत अडकून राहते. मध्येच काम बंद पडले तर परत जाते. तासाचा हिशेब न जमणाऱ्याने त्यात उतरू नये.

आमच्या जंगलाचीही हीच कथा. 2011 च्या एप्रिलमध्ये मेंढा-लेखा गावाला स्वतःचा बांबू विकण्याचा हक्क मिळाला, साऱ्या देशाने त्याची नोंद घेतली. पण कच्चा बांबू विकून गावात राहते ते थोडे. मोल वाढते ते हातात. त्यासाठी चंद्रपूर-मूल रस्त्यावर चिचपल्लीला 2014 मध्ये बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर झाले. बांबूत पिष्ट असते म्हणून त्याला भुंगा लागतो. बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात मुरवला तर वस्तू वर्षानुवर्षे टिकते. पिढ्यान्‌पिढ्या टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला विणणे कुणी शिकवू नये. पण टिकाऊपणा, घडण आणि भाव या तीन गोष्टी मिळाल्या तर आठवडी बाजारातल्या टोपलीशेजारी तो दिव्याची झुंबरेही मांडू शकतो.

टोपीवाली परवा पुन्हा वही घेऊन आली होती. पुढच्या रमजानचे सूत चार महिने आधी ठोक घ्यावे की नाही, असे तिला विचारायचे होते. आकडे तिनेच मांडले होते. आम्ही फक्त एक बेरीज तपासली. बरोबर होती.