धारपांना कपाटाबाहेर कोणी ठेवलं?

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात मी महिन्यातून दोनदा तरी जाते. प्रयोगशाळेतले माझे साचे तिथल्या एका वर्कशॉपमध्ये कापून मिळतात. लेथवरचे काका कोल्हापूरकडचे. जेवणाच्या सुट्टीत कानात इअरफोन घालून बसलेले दिसले, म्हणून विचारलं, काय ऐकताय? "धारप, मॅडम. समर्थांची गोष्ट. खोलीत आम्ही आठजण झोपतो, तरी ही ऐकल्यावर रात्री एकट्यानं बाथरूमला जायला नको वाटतं!"

त्याच आठवड्यात आमच्या मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटासाठी मी नारायण धारपांची सहा पुस्तकं दिली होती. ती परत आली. "दर्जेदार साहित्यच ठेवायचं ठरलंय." मराठी टिकवण्याच्या ठरावावर याच समितीच्या सह्या आहेत.

मंडळाचं नाव सांगत नाही. हा रोग एका मंडळाचा थोडाच आहे?

२०१८ मध्ये 'तुंबाड' आला. त्यातल्या आजीच्या भागाचं मूळ धारपांच्या कथेत आहे हे कळल्यावर "आपले धारप!" म्हणून आपण ग्रुपवर ऊर भरून घेतला. सिनेमा हिंदीत होता, तरीही. २०२४ मध्ये तो पुन्हा लागला, तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त गर्दी झाली. पडद्यावर चालणारा लेखक कपाटात का चालू नये?

पहिला आक्षेप ठरलेला: हे सगळं उसनं आहे. 'लुचाई'मागे स्टीफन किंगची 'सालेम्स लॉट' आहे, हे खरंच. असं ऋण छापील अक्षरांत सांगितलंच पाहिजे. न सांगणं हा दोष, आणि तो दोष म्हणून नोंदवावा. पण उसनं घेणं हाच गुन्हा असेल, तर 'हॅम्लेट'वरून आलेलं आगरकरांचं 'विकारविलसित' आणि 'ऑथेल्लो'वरून आलेलं देवलांचं 'झुंझारराव' यांचंही काय करायचं ते ठरवा. धारपांनी ती भीती माजघरात आणली, वाड्याच्या बंद खोलीत आणली. ते काम त्यांचं स्वतःचं होतं.

दुसरा आक्षेप: रंजन म्हणजे हलकं. शिकारीला गेले असता कड्यावरून कोसळून नाथमाधवांचं कमरेखालचं अंग लुळं पडलं. त्यानंतर त्यांनी लेखणी धरली आणि 'वीरधवल'सारखी अद्भुतरम्य कादंबरी दिली. आपल्या पणज्या-आज्यांना वाचनाची चटक अशाच पुस्तकांनी लावली. समीक्षेनं कुणाला लावल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

इथली आपली मुलं हॅरी पॉटरचे जाडजूड खंड झोप मोडून संपवतात. त्यांना अद्भुत हवं असतं, ते इंग्रजीत मिळतं. मराठीत आपण त्यांना संस्कार देतो. मग मुलं मराठी वाचत नाहीत म्हणून परिसंवाद भरवतो.

शारजा २०१९ची जागतिक ग्रंथराजधानी होती. दर नोव्हेंबरला इथल्या पुस्तक मेळ्यात मल्याळी दालनांपुढे मी कामगार आणि प्राध्यापक एकाच रांगेत उभे पाहते. आपली रांग का नाही? कारण रांगेत कोण शोभेल हे आपण आधी ठरवतो.

ती सहा पुस्तकं मी काकांना दिली. परवा दोनच परत मिळाली. बाकीची कुठे, विचारलं, तर म्हणाले, "शेजारच्या खोलीत गेलीत. नंबर लागलाय."

समितीनं एकदा तिकडे यावं. वाचक तिथे आहेत.