गच्चीवरचा मजूर
जिंतूर तालुक्यातील चारठाणा प्राचीन मंदिरांकरिता ख्यात आहे. आज त्या परिसरातही भ्रमणध्वनीच्या लहरी आहेतच. मनोऱ्याची धास्ती बहुधा खाली राहणारे घेतात. खरा धोका मात्र अँटेनाच्या थेट पुढ्यात, काही मीटरांच्या आत, काम करणाऱ्या रंगाऱ्याला वा गवंड्याला असतो. दूरसंचार विभागाने १ सप्टेंबर २०१२ पासून लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकाच्या दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्‌झला चौरस मीटरमागे ०.४५ वॅट. हे ठीकच झाले. परंतु रोजंदारीवर गच्ची चढणाऱ्याला हा आकडा कोण सांगणार? भाडे घरमालकाला, नफा कंपनीला आणि ताप (शब्दशः, कारण या लहरी शरीर तापवितात) मजुराला! गच्चीच्या दाराला कुलूप, मराठीत इशाऱ्याचा फलक आणि काम संपेपर्यंत प्रक्षेपण बंद, ही मागणी कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत मांडावी.