दिव्य आणि कबुली

मध्ययुगीन न्यायाचीं व छळाचीं साधनें मांडलेलीं संग्रहालयें युरोपांत आहेत. जर्मनींतील रोटेनबुर्ग गांवचें त्यांपैकीं प्रसिद्ध होय. तसलीं लोखंडी साधनें पाहून मनुष्य बहुधा ‘केवढे क्रूर लोक होते ते!’ असें म्हणतो आणि आपण तसे नाहीं या समाधानांत घरीं येतो. हें समाधान फसवें आहे.

आपल्या हिंजवडी परिसरांत असें एखादें दालन उघडावयाचें झाल्यास परक्यांचींच उदाहरणें मांडावीं लागणार नाहींत. मराठेशाहींत साक्षीपुराव्यानें वाद मिटेना, तेव्हां कधीं कधीं रवादिव्य करवीत. उकळत्या तेलांतून धातूचा तुकडा हातानें काढावयाचा. मग हातास पिशवी बांधून तिजवर मोहोर करावयाची आणि ठराविक मुदतीनें ती सोडून हात पाहावयाचा. हात शाबूत तो खरा, पोळला तो खोटा. युरोपांतही तापलें लोखंड उचलावयास लावून तीन दिवसांनीं हात तपाशीत. १२१५ सालीं रोम येथील लॅटरन धर्मपरिषदेनें धर्मगुरूंना अशा विधींत भाग घेण्यास मनाई केली. परंतु पुढें घडलें तें विचार करण्याजोगें आहे. देवाचा कौल मिळेनासा झाला, तेव्हां अनेक देशांतील न्यायाधीश आरोपीच्या कबुलीवर विसंबूं लागले, आणि कबुली मिळेना म्हणून यातनांचा अवलंब वाढला. गोव्यांत १५६० पासून १८१२ पर्यंत, मध्यंतरींचीं थोडीं वर्षें वगळतां, इन्क्विझिशनचें न्यायासन होतें. तेथेंही कबुलीसाठीं छळ झाला. तो ख्रिस्ताच्या नांवानें झाला, हें आम्हां ख्रिस्ती लोकांनीं इतरांच्या आधीं सांगितलें पाहिजे.

या न्यायासनांवर बसणाऱ्या पुष्कळांना आपण सत्यच शोधीत आहों, असें प्रामाणिकपणें वाटत असे. शरीर पोळलें वा पिळलें कीं सत्य बाहेर येतें, ही त्यांची समजूत मात्र खोटी होती. पिळलेला मनुष्य पिळणाऱ्यास हवें असेल तेंच बोलतो. म्हणूनच १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें पोलिसांपुढें दिलेली कबुली आरोपीविरुद्ध ग्राह्य मानली नाहीं, आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमांतही तें तत्त्व राखलें आहे.

पालकहो, घरांत पैसे हरवले असतां छडी उगारून आपण मुलास ‘खरें बोल’ म्हणतां, तेव्हां आपणही त्याच दालनांत उभे असतां. मूल भीतीनें ‘होय’ म्हणेल. पैसे कोणी घेतले, तें मात्र कळणार नाहीं. आणि विद्यार्थ्यांनो, वर्गांत एखाद्यावर चोरीचा आळ आला, तर त्यास घेरून कबुली मागूं नका. पुरावा मागा, आणि तो मिळेपर्यंत त्याच्या शेजारीं पूर्वीप्रमाणेंच बसा.