कायद्याने दिलेले दुकान

ज्याच्या मनात कोणाविषयी द्वेष नाही, असा साधा माणूस अन्यायाचा भागीदार होऊ शकतो काय? यान कादार आणि एल्मार क्लोस या दिग्दर्शकद्वयाचा ‘ओब्खोद ना कोर्झे’ म्हणजेच ‘हमरस्त्यावरचे दुकान’ हा स्लोवाक भाषेतील चित्रपट या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर देतो. चेकोस्लोव्हाकियात तयार झालेल्या या चित्रपटाला १९६५ सालासाठीचे परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. कादार यांचे आईवडील व बहीण ऑश्वित्झच्या छळछावणीत मारले गेले होते, हे लक्षात ठेवूनच तो पाहिला पाहिजे.

कथा १९४२ सालची. हिटलरच्या आशीर्वादाने १९३९ मध्ये उभ्या राहिलेल्या स्लोवाक राज्याचा राष्ट्राध्यक्ष योझेफ तिसो हा कॅथलिक धर्मगुरू होता. या राज्याने ज्यूंना लुटले ते रात्रीच्या अंधारात नव्हे, राजपत्रात छापून! १९४० च्या कायद्याने ज्यूंची दुकाने, कारखाने ‘आर्यांच्या’ स्वाधीन करण्याची सोय केली. सप्टेंबर १९४१ च्या ज्यू संहितेने वंशाच्या आधारे त्यांचे उरलेसुरले हक्क काढून घेतले. मार्च १९४२ पासून आगगाड्या भरून माणसे मृत्यूच्या दारी पाठविली गेली. त्या वर्षी ही संख्या सुमारे ५८ हजारांवर गेली. या हद्दपारीला कायद्याचे कवच मिळाले ते मात्र मे १९४२ मध्ये, म्हणजे गुन्हा आधी आणि कायदा नंतर! संसदेत विरोधी मत दिले ते हंगेरियन अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी एस्टरहाझी यांनी, एकट्याने.

चित्रपटातील टोनो ब्रत्को हा गरीब सुतार. ह्लिंका गार्ड या सत्ताधारी संघटनेत वजन असलेला त्याचा साडू त्याला एका ज्यू विधवेच्या दुकानाचा ‘आर्य व्यवस्थापक’ नेमतो. घरी बायको खूश! पण दुकानात गुंड्या, लेस आणि फितींशिवाय काहीच नाही. बहिऱ्या लाउटमानोवा आजींना तो मदतीला आलेला नोकर वाटतो. दुसरा कोणी निर्दय माणूस येऊ नये म्हणून ज्यू मंडळीच त्याला पगार देतात. ब्रत्को आजींच्या खुर्च्या, कपाटे दुरुस्त करतो. दोघांत माया जडते. परंतु नेमणुकीचा कागद तो परत करत नाही.

ज्यूंना चौकात गोळा करण्याचा दिवस उजाडतो, तेव्हा त्याची परीक्षा होते. दारूच्या नशेत तो कधी आजींना लपवू पाहतो, तर कधी स्वतःच्या जिवाच्या भीतीने त्यांना बाहेर काढू पाहतो. अखेर घाबरून तो त्यांना आत ढकलतो आणि त्यातच त्यांचा प्राण जातो. भानावर आलेला ब्रत्को गळफास घेतो. योझेफ क्रोनर आणि इडा कामिन्स्का यांचा अभिनय पाहताना डोळे भरून येतात. पण अश्रूंनी ब्रत्को निर्दोष ठरत नाही.

वकील म्हणून मला या कथेतील कागद सर्वांत भयंकर वाटतो. शिक्का आहे, सही आहे, अधिकार आहे. नाही तो फक्त न्याय! ‘कायदा आहे’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी तो कागद नीट पाहावा. ज्या ‘आर्य’ शब्दावर तो उभा आहे, त्या आर्यवंशाच्या सिद्धांताचे वाभाडे बाबासाहेबांनी १९४६ मध्ये शूद्रांविषयीच्या ग्रंथात काढले आहेत. संविधान कितीही चांगले असले, तरी राबविणारे वाईट असतील तर ते निष्फळ ठरेल, हा त्यांचा २५ नोव्हेंबर १९४९ चा इशाराही आपल्याला ठाऊक आहे.

अत्याचार करणारे थोडे असतात. त्यांचे राज्य चालते ते ब्रत्कोसारख्यांच्या जोरावर. तो कोणाचा द्वेष करत नाही, फक्त मिळालेले घेतो आणि गप्प राहतो. तथागतांची करुणा म्हणजे खुर्च्या दुरुस्त करून देणे नव्हे. अन्यायाचा लाभ हाती येतो, त्याच क्षणी ‘नको’ म्हणण्याचे धैर्य म्हणजे करुणा. ब्रत्कोने ते ‘नको’ पहिल्या दिवशी म्हटले नाही. ते म्हणायला आपण शिकलो आहोत काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.